दोन माणसं, एक खोली, तीन मिनिटं: विद्यार्थी फिल्मचा पहिला सीन कसा काढाल

फिल्मच्या कुठल्याही कोर्सला हमखास येणारी असाइनमेंट म्हणजे तीन ते पाच मिनिटांचा एक सीन दिग्दर्शित करून आणा. तोवर लेन्स शिकवून झालेली असते, लाइट शिकवून झालेले असतात. पण सगळं लावून झाल्यावर नट समोर येऊन विचारतात, ‘मग, काय करायचं?’ आणि तिथे बऱ्याच जणांची बोबडी वळते.

मी विद्यार्थी फिल्मचं दिग्दर्शन केलंय, दुसऱ्यांच्या फिल्मवर क्लॅप दिलीय, बूम (लांब काठीवरचा माइक) धरून हात दुखवून घेतलेत. त्यावरून एक गोष्ट ठाम सांगतो. शूटच्या दिवशी सगळ्यात आधी खाल्ला जातो तो नटांचा वेळ. लाइट, कॅमेरा, जेवण सगळे आपापला वाटा घेऊन जातात आणि उरलेल्या अर्ध्या तासात नटांनी जीव ओतायचा असतो. खालच्या पायऱ्यांमधली बरीचशी खटपट हा वेळ वाचवण्यासाठी आहे.

सोयीसाठी एकच सीन धरून चालू. मुलगी शैक्षणिक कर्जाच्या फॉर्मवर बाबांची सही घ्यायला आली आहे. बाबा चहा करून देतात, पाऊसपाण्याचं बोलतात, सही टाळतात. एवढंच.

१. सीन लहान नाही, अडलेला निवडा

नवख्यांच्या कथांमध्ये खून, आत्महत्या, स्वप्न आणि शेवटी ‘हे सगळं त्याच्या डोक्यातच होतं’ असं फार असतं. पाठलाग, पाऊस, गर्दी, रात्रीचा रस्ता, लहान मूल, कुत्रा हे सगळं पहिल्या सीनमधून काढून टाका. एकाला दुसऱ्याकडून काहीतरी हवंय आणि दुसरा ते देत नाहीये, एवढं असलं की सीन चालतो. हवी असलेली गोष्ट शक्यतो हातात धरता येणारी असावी. ‘बाबांचं प्रेम हवंय’ हे कॅमेऱ्याला दिसत नाही, फॉर्मवरची रिकामी चौकट दिसते.

संवाद लिहिल्यावर मोठ्याने वाचा आणि स्टॉपवॉच लावा. ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशोब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक फॉन्टवर आणि मांडणीवर बेतलेला आहे. देवनागरीत टाइप केलेल्या पानाला तो लागू पडेलच असं नाही. वाचून तीन मिनिटं भरली तर पडद्यावर चार होतील, कारण उठणं-बसणं, कप ठेवणं, गप्प राहणं कागदावर जागा घेत नाही.

मग कात्री लावा. पात्रं एकमेकांना आधीच माहीत असलेली माहिती सांगत असतील (‘तुला ठाऊकच आहे, आई गेल्यापासून…’) तर ती ओळ प्रेक्षकासाठी घुसवलेली आहे. काढा.

२. सीनची वळणं शोधा

छापलेल्या पटकथेवर पेन्सिलने आडव्या रेघा मारा. जिथे एखाद्या पात्राचा डाव बदलतो तिथे रेघ. आपल्या सीनमध्ये तीन वळणं निघतात. मुलगी सहज आल्यासारखं दाखवते. मग फॉर्म टेबलावर ठेवते, बाबा चष्मा सापडत नसल्याचं निमित्त करतात. शेवटी मुलगी चष्मा शोधून आणून हातात देते आणि आता निमित्त उरत नाही.

प्रत्येक रेघेशेजारी एक क्रियापद लिहा: चाचपते, अडवतो, कोंडीत पकडते. विशेषणं लिहू नका. हेच शब्द पुढे नटांशी बोलताना लागणार आहेत, आणि कॅमेरा कुठे जवळ न्यायचा हेही त्या रेघाच सांगतात.

३. जागा बघू नका, ऐका

लोकेशन बघायला सगळे जातात, फोटो काढतात, ‘काय भारी लाइट येतोय’ म्हणतात. त्याऐवजी ज्या वेळी शूट करणार त्याच वेळी जा, दारं-खिडक्या लावा आणि पाच मिनिटं गप्प बसा. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग, शाळेची मधली सुट्टी, भंगारवाला, एप्रिल-मे असेल तर कोकीळ. पुण्यात गणपतीच्या आधीच्या महिन्यांत नदीकाठच्या भागात संध्याकाळचं शूट ठेवलंत तर तुमच्या हळव्या संवादाला ढोल-ताशा पथकाच्या सरावाची साथ मिळेल. मिळतेच.

शिवाय तपासा: प्लग पॉइंट किती आणि कुठे, त्यात पंधरा अँपिअरचा एक तरी आहे का, सूर्य किती वाजता खिडकीतून हटतो, कॅमेरा मागे घ्यायला जागा आहे का. दहा बाय दहाच्या खोलीत माणसं, स्टँड आणि टेबल मावलं की कॅमेरामन भिंतीला चिकटतो. भिंती पांढऱ्याफटक असतील तर उजेड सगळीकडे उडतो, मूड करायचा म्हटलं तरी होत नाही. रंगीत भिंतीचं घर मिळालं तर सोडू नका.

४. कागदपत्रं

यात कंटाळा करू नका. फिल्म बरी झाली आणि महोत्सवाला पाठवायची वेळ आली की हेच कागद मागतात. तेव्हा नट पुण्यात नसतो, घरमालक फोन उचलत नाही. सह्या शूटच्या दिवशी सकाळी, चहाबरोबर घ्या. फाइलमध्ये हे असू द्या:

- कॉलेजचं किंवा संस्थेचं पत्र: विद्यार्थी प्रकल्प आहे, व्यावसायिक नाही, असं लिहिलेलं
- प्रत्येक नटाचं संमतीपत्र: चेहरा आणि आवाज वापरायला परवानगी, मानधन असेल तर किती, नसेल तर तसं स्पष्ट
- घरमालकाचं संमतीपत्र, आणि सोसायटी असेल तर सेक्रेटरींना आधी दिलेला अर्ज
- सगळ्यांचे फोन नंबर, जवळच्या दवाखान्याचा पत्ता आणि वेळा असलेली कॉलशीट (दिवसाच्या कामाचा कागद)
- भाड्याने आणलेल्या सामानाची यादी, घेताना काढलेल्या फोटोंसह

रस्त्यावर काढायचं असेल तर स्थानिक पोलीस ठाण्यात पत्र द्या. रेल्वे स्टेशन, मेट्रो, महापालिकेच्या बागा यांची परवानगी वेगवेगळी असते. शनिवारवाड्यासारख्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडच्या वास्तूत ‘विद्यार्थी आहोत हो’ म्हणून भागत नाही. प्राणी दाखवायचा तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. बालकलाकाराबाबत बालकामगार कायद्याखालचे २०१७ चे नियम दिवसाला पाच तासांहून जास्त काम घेऊ देत नाहीत, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी सांगतात. म्हणून तर वर मूल आणि कुत्रा काढायला सांगितलं.

एक छुपा सापळा गाण्यांचा. सीनमध्ये रेडिओवर जुनं गाणं लावून शूट केलंत की ते गाणं संवादांखाली कायमचं चिकटतं. हक्क मिळाले नाहीत तरी काढता येत नाही आणि एडिटमध्ये प्रत्येक कटला उडी मारतं. कथेतल्या खोलीत काहीही वाजत असलं तरी शूट शांततेतच करा, आवाज नंतर घाला.

५. नट: इथे वेळ घाला

महाराष्ट्रात एक मोठी सोय आहे, ती म्हणजे एकांकिका करणारी मुलंमुली. पुरुषोत्तम, फिरोदिया अशा करंडकांच्या धामधुमीतून तयार झालेले नट शिस्तीचे असतात, पाठांतर चोख असतं, फुकट काम करतानाही वेळेवर येतात. फक्त भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय त्यांच्या अंगात मुरलेली असते, आणि तुमचा कॅमेरा असतो दोन फुटांवर. त्यांना ‘कमी कर’ म्हणू नका. कमी कर म्हटलं की ते आवाज बारीक करतात आणि डोळे तेवढेच मोठे ठेवतात. त्याऐवजी समोरच्यालाच ऐकू जाईल एवढंच बोलायला सांगा आणि तालमीत दोघांना खरंच जवळ बसवा. एकदा फोनवर क्लोजअप काढून दाखवला की बहुतेक नटांना आपोआप कळतं.

तालीम किमान दोनदा घ्या. पहिली फक्त वाचनाची, बसून. संवाद तोंडात बसत नसेल तर तिथेच बदला. लेखक तुम्हीच असाल तर हे जड जातं, पण नागपूरच्या नटाच्या तोंडी सदाशिव पेठ घालून काही साधत नाही. दुसरी तालीम शक्य असेल तर प्रत्यक्ष जागेवर, खरा कप, खरा फॉर्म, खरं पेन घेऊन. कुठल्या ओळीला उठायचं, कुठल्या ओळीला चष्मा शोधायचा हे इथे ठरू द्या. नटाला पहिल्यांदा मोकळं सोडा. तो स्वतःहून खिडकीपाशी जाऊन उभा राहतो ते तुमच्या स्टोरीबोर्डपेक्षा अनेकदा चांगलं असतं.

आता बोलायचं काय. ‘जरा इमोशनल कर’, ‘थोडं नॅचरल हवं’, ‘अजून एनर्जी’ या तिन्ही सूचनांवर बंदी घाला. यातली एकही गोष्ट नटाला करता येत नाही. करता येतं ते क्रियापद. मुलीचं काम करणारीला म्हणा, ‘त्यांना चष्म्याचा विषय काढायला सवडच देऊ नकोस.’ बाबांचं काम करणाऱ्यांना म्हणा, ‘काका, तिला चहातच गुंतवा, फॉर्म निघायच्या आत ती उठली पाहिजे.’ ही सूचना मुलीला ऐकू जाऊ देऊ नका. दोघांना वेगवेगळं, जवळ जाऊन, हळू आवाजात सांगा. मॉनिटरमागून ओरडून दिलेली सूचना सगळ्या युनिटला कळते आणि नट युनिटसाठी काम करायला लागतो.

एका टेकनंतर एकच सूचना. चार दिल्यात तर नट चौथी पाळतो. संवाद स्वतः म्हणून दाखवू नका, तुमची नक्कल बघायला प्रेक्षक येणार नाहीये. आणि पुन्हा टेक घेताना कारण सांगा. ‘वन मोर’ एवढंच ऐकलं की नटाला वाटतं आपलंच चुकलं, मग फोकस गेला असला तरी तो अभिनय बदलून बसतो. फोकस गेला असेल तर स्पष्ट सांगा: ‘छान होतं, तसंच हवंय, टेक्निकल आहे.’

६. शॉटची यादी लिहा, मग अर्धी खोडा

तीन मिनिटांच्या सीनला, एका दिवसात, नवख्या टीमने आठ ते दहा मांडण्या केल्या तरी पुष्कळ. कॅमेरा हलवून नवीन ठिकाणी लावायचा, लाइट फिरवायचे, फोकस बघायचा, याला नवख्यांना अर्धा-पाऊण तास सहज लागतो. यादीत पंचवीस शॉट असतील तर शेवटचे पंधरा निघणारच नाहीत, आणि नेमके क्लोजअप शेवटी ठेवलेले असतात.

क्रम साधारण असा ठेवा: आधी मास्टर, म्हणजे पूर्ण सीन रुंद चौकटीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मग एका बाजूचे सगळे शॉट उरका: मुलीच्या खांद्यावरून बाबांवर शॉट (याला सजेशन म्हणतात), मग बाबांचा क्लोज. त्यानंतर लाइट फिरवून मुलीची बाजू. सगळ्यात शेवटी पेन, सही, कप असे हातांचे शॉट, त्यांना नटाची ऊर्जा लागत नाही. जड भावनेचा क्लोजअप मात्र जेवणाआधी घ्या. जेवल्यावर सगळं युनिट पेंगतं, नटही.

दोघांच्यामध्ये एक काल्पनिक रेघ असते ती ओलांडू नका, हे वर्गात शिकवलेलं असेलच. सेटवर ते डोक्यात ठेवायचा सोपा उपाय: बाबा चौकटीत उजवीकडे बघत असतील तर मुलगी डावीकडेच बघायला हवी. शंका आली की आधीच्या शॉटचा फोटो मोबाइलवर काढून ताडून बघा. वाद घालत बसू नका, त्यात वीस मिनिटं जातात.

७. टीम आणि सामान

सहा जण पुरतात: दिग्दर्शक, कॅमेरा, लाइटला एक जण, आवाज, पहिला सहायक, आणि कंटिन्युइटी (एका शॉटमधलं दुसऱ्यात तसंच राहतंय ना ते) व क्लॅप बघणारी एक व्यक्ती. घड्याळ सहायकाच्या हातात द्या आणि तो ‘पाच मिनिटं राहिली’ म्हणाला की ऐका. दिग्दर्शकाने स्वतः कॅमेरा चालवू नये असं माझं मत आहे. चौकट बघणारा माणूस अभिनय बघू शकत नाही. स्वतःच्या फिल्ममध्ये स्वतः काम करण्याबद्दल तर बोलायलाच नको.

चांगला फोन असेल तर कॅमेऱ्यासाठी कर्ज काढू नका, ते पैसे माइकवर घाला. फोनवर ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखं फुकट ॲप टाका, म्हणजे शटर, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स कुलूपबंद करता येतात. फ्रेम रेट २५ आणि शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/६० ला गेलं की चित्रात पट्टे सरकताना दिसतात, आणि ते एडिटमध्ये धड निघत नाहीत. स्वस्त एलईडी बल्ब तर आधी शूट करूनच तपासा.

उजेडासाठी खिडकी आणि एक मोठा थर्माकोल किंवा पांढरा फोमबोर्ड बरंच काम करतो. काळं कापड, क्लॅम्प, गॅफर टेप, एक्स्टेन्शन बोर्ड, जादा बॅटऱ्या, दोन मेमरी कार्ड. टेप जास्त घ्या. संपतोच.

८. शूटच्या दिवशी

युनिट यायच्या आधी तासभर तुम्ही पोचा. नारळ फोडायचा असेल तर फोडा, पण माइकजवळ नको. पहिला शॉट सोपा ठेवा, सगळ्यांचा हात बसतो.

लाइट लागेपर्यंत नटांना उभं करू नका, त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी बसवा. एकदा मांडणी झाली की रोलची साखळी पाळा: सगळे शांत, ‘रोल साउंड’, ‘रोलिंग’, ‘रोल कॅमेरा’, ‘रोलिंग’, सीन-शॉट-टेकचा आकडा, क्लॅप, आणि मग दोन सेकंद थांबून ‘ॲक्शन’. सुरुवातीची क्लॅप राहिली तर शेवटी उलटी पाटी धरून द्या. ‘कट’ म्हणायची घाई नको. संवाद संपल्यावर मनात पाच मोजा. नटाला वाटतं सीन संपला, तो सैल पडतो, आणि तीच नजर कधीकधी सगळ्यात खरी असते.

कंटिन्युइटीवाल्या व्यक्तीला या सीनमध्ये एकच शत्रू आहे: चहा. कपात किती उरला, कुठल्या ओळीला घोट घेतला, कपाचा कान कुठल्या बाजूला होता. त्यातून दुधाच्या चहावर साय धरते. मास्टरमध्ये वाफाळता चहा आणि क्लोजअपमध्ये सुरकुतलेली साय असेल तर तिकडेच डोळा जातो. थर्मास भरून ठेवा, दर टेकला कप रिकामा करून तेवढाच भरा, कपाच्या आतल्या बाजूला पातळीची बारीक खूण करा. फॉर्मच्या प्रती वीस तरी छापा, सहीचा प्रत्येक टेक एक प्रत खातो. खरा फॉर्म नको, खऱ्या बँकेचं नाव नको, खोटा करून घ्या.

आवाजाचं वेगळं सांगतो, कारण विद्यार्थी फिल्म आवाजातच मार खाते. हललेलं चित्र प्रेक्षक ‘स्टाइल’ म्हणून चालवून घेतो, पण संवाद ऐकू आला नाही की उठून जातो. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे घरी जाताना फ्रिज चालू करायची आठवण राहील. बूम डोक्याच्या वरून, छातीकडे तोंड करून, चौकटीच्या कडेला जितका जवळ येईल तितका. लेपल (कपड्यांना लावायचा छोटा माइक) लावणार असाल तर कपडे आधी बघा. खळ दिलेल्या सुती साडीवर किंवा नव्या कोऱ्या कुर्त्यावर नुसती कुरकुर रेकॉर्ड होते, बांगड्या तर विचारूच नका. हेडफोन लावलेल्या माणसाने ‘विमान गेलं’ म्हटलं की थांबा, त्याच्याशी हुज्जत नको.

जागा सोडण्याआधी सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीची नुसती शांतता एक मिनिट रेकॉर्ड करा. एडिटमध्ये दोन टेकच्या मधली भोकं बुजवायला तीच लागते. नंतर त्या आवाजासाठी पुन्हा जाल तर शेजारी वॉशिंग मशीन लावलेलं असेल.

आणि जेवण. वेळेवर, पोटभर, बसून. दिवसभर वडापाववर राबवलेली टीम दुपारी चारला तुमच्याशी बोलणं सोडते.

९. कार्ड रिकामं करण्याआधी

सेकंदाला १०० मेगाबिटने रेकॉर्ड करत असाल तर मिनिटाला साधारण ७५० एमबी, तासाला ४५ जीबी लागतात. त्या हिशोबाने जागा आणा. दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी झाली, फाइली उघडून मधून मधून चालवून बघितल्या, मगच कार्ड फॉरमॅट. हे काम एकाच माणसाकडे द्या आणि तो कॉपी करत असताना त्याच्याशी गप्पा मारू नका. दुसरी ड्राइव्ह वेगळ्या बॅगेत, वेगळ्या माणसाच्या घरी.

१०. एडिट

डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरते. सगळे टेक बघा, सेटवर ‘ओके’ म्हटलेलेच नव्हे. पहिला कट लांबच होतो. तो एकदा आवाज बंद करून बघा: कोण कोणाला अडवतंय हे कळतंय का? मग चित्र न बघता नुसतं ऐका: कुठे शब्द हरवतोय?

जो बोलतोय त्याच्यावरच कॅमेरा, असं टेनिसच्या मॅचसारखं कापू नका. मुलगी ‘बाबा, फक्त सही’ म्हणते तेव्हा बाबांचा चेहरा, किंवा पेनाचं टोपण काढून पुन्हा लावणारा हात, हे जास्त सांगतं. पहिल्या दोन ओळी काढून सीन उशिरा सुरू करून बघा. बहुतेक वेळा बिघडत नाही, उलट सुधारतो.

कट दाखवायचा तो पटकथा न वाचलेल्यांना. ‘आवडली का?’ विचारलंत तर मित्र ‘मस्त’ म्हणतील. ‘बाबा सही का करत नाहीयेत?’ असं विचारा. तिघांची तीन भलतीच उत्तरं आली तर कात्री पुन्हा हातात घ्या, आणि समजावून सांगत बसू नका.

फिल्म बाहेरच्या महोत्सवांना पाठवायची तर इंग्रजी सबटायटल लागतील. एका वेळी दोन ओळींहून जास्त नकोत, आणि मराठी न येणाऱ्या एकाला वाचायला लावून वेग तपासा. नटांना अंतिम फाइल स्वतःहून पाठवा, त्यांच्या शोरीलसाठी (काम दाखवायच्या छोट्या व्हिडिओसाठी) त्यांचे शॉट वेगळे कापून द्या. फुकट काम केलेल्या माणसाला तीन-तीनदा मेसेज करून हे मागायला लागतं, आणि मग पुढच्या फिल्मला तो फोन उचलत नाही.